एक्स्चेंजकडून स्वतःच्या वॉलेटकडे : एका पाठवणीचा अनुभव

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे क्रिप्टो चोरीला गेले आणि त्यानंतर तिथल्या ग्राहकांना स्वतःची नाणी बाहेर काढणे दीर्घकाळ अशक्य होऊन बसले. माझे खाते तिथे नव्हते. पण २०२१ पासून थोडे थोडे करून घेतलेले बिटकॉइन, इथर (इथरियम नेटवर्कचे नाणे), काही यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले नाणे) आणि थोडे एक्सआरपी दुसऱ्या एका एक्स्चेंजच्या ताब्यात होते, आणि त्या ताब्याचा अर्थ काय होतो हे त्या महिन्यात स्पष्ट झाले. एक्स्चेंजच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे त्यांच्या हिशेबवहीतली माझ्या नावची नोंद. नाण्यांच्या किल्ल्या, म्हणजे ती हलवण्यासाठी लागणारे गुप्त संकेत, त्यांच्याकडे. त्या किल्ल्या आपल्या हाती असाव्यात, असे ठरवून मी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारे छोटे उपकरण, घेतले आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास सर्व शिल्लक त्यात हलवली. हे काम निर्विघ्न पार पडले. ते कसे पार पाडले, याचा हा तपशील.

माझी सारी नोकरी बँकेत, आणि त्यातला मोठा काळ पैसे पाठवण्याच्या टेबलावर गेला. तिथे प्रत्येक व्यवहाराला दोन माणसे लागत : एक मेकर, म्हणजे व्हाउचरवरून नोंद करणारा, आणि दुसरा चेकर, म्हणजे तीच नोंद मूळ कागदाशी पुन्हा ताडून मंजूर करणारा. मेकरने स्वतःचीच नोंद तपासू नये हा नियम कोणाच्या प्रामाणिकपणावरच्या संशयातून आलेला नाही. आपण जे लिहिले आहे असे आपल्याला वाटते तेच आपले डोळे वाचतात, एवढेच त्याचे कारण. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्येही वर्षानुवर्षे रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होत आली. पाठवणाऱ्याला लाभार्थीचे नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले. मात्र तिथे चुकून रक्कम भलत्या खात्यात गेलीच, तर समोर एक शाखा असते, व्यवस्थापक असतो आणि पत्रव्यवहाराला जागा असते. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोचे व्यवहार नोंदणाऱ्या सामायिक खातेवहीवर, यातले काहीच नाही, म्हणून मी घरातच मेकर-चेकर नेमले. मेकर मी, चेकर माझे पती, जे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांना क्रिप्टोत तिळमात्र रस नाही. चेकर म्हणून याहून चांगली पात्रता मला सुचली नाही.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली, ती म्हणजे पाठवणीच्या वेळी यंत्रणा स्वतःहून काय तपासते आणि काय तपासत नाही. बिटकॉइनच्या पत्त्यात, म्हणजे रक्कम जिथे पाठवायची त्या खाते क्रमांकासारख्या अक्षरमालेत, शेवटच्या काही अक्षरांमध्ये एक पडताळणी दडलेली असते. मधले एखादे अक्षर चुकले तर वॉलेट तो पत्ता स्वीकारतच नाही. १ किंवा ३ या अंकाने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यांत तर शून्य आणि मोठा ओ, तसेच मोठा आय आणि छोटा एल, ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे मुळात वापरलेलीच नाहीत. इथरियमच्या पत्त्यात २०१६ पासून अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीतून अशीच पडताळणी साधली जाते, मात्र सगळी अक्षरे लहान लिपीत लिहिली तर ती नाहीशी होते. याचा अर्थ असा, की हाताने टंकताना होणारी चूक, जिची सर्वांना सर्वांत जास्त भीती वाटते, ती बहुतेक वेळा आपोआप पकडली जाते. जी पकडली जात नाही ती चूक वेगळीच असते : पत्ता अगदी निर्दोष असतो, पण तो दुसऱ्याचा असतो, किंवा पत्ता आपलाच असतो, पण नेटवर्क, म्हणजे रक्कम ज्या ब्लॉकचेनवरून जाते ती, भलते असते. पत्ता व्याकरणशुद्ध आहे की नाही एवढेच यंत्र पाहते, तो कोणाचा आहे हे पाहणे यंत्राच्या कामात बसत नाही. माझी सगळी तपासणी मी या दुसऱ्या प्रकारावर केंद्रित केली.

हार्डवेअर वॉलेट उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवले, कारण एका नामांकित उत्पादकाच्या ग्राहकांची नावे आणि घरचे पत्ते २०२० मध्ये फुटल्यानंतर त्यांच्यापैकी काहींना टपालाने हुबेहूब बनावट उपकरणे आल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. उपकरण पहिल्यांदा सुरू केले की ते स्वतःच्या छोट्या पडद्यावर २४ इंग्रजी शब्द दाखवते, ज्यांवरून सर्व किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि त्या यादीत पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द नसतात, त्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले तरी शब्द ओळखता येतो. खोक्यात शब्द आधीच लिहिलेला कागद आला, तर ते उपकरण तसेच बंद करून ठेवावे. तो सापळा असतो. मी शब्द कागदावर लिहिले, पतींनी ते क्रमांकासह पडद्याशी ताडले, आणि त्यांचे छायाचित्र काढले नाही, मोबाइलच्या नोंदवहीत घेतले नाहीत, स्वतःलाच ई-मेल केले नाहीत.

यानंतरची पायरी पुष्कळ लोक गाळतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी पायरी नाही. उपकरणात एकही पैसा नसताना मी त्याने दिलेला बिटकॉइनचा पहिला पत्ता आणि इथरियमचा पत्ता वहीत उतरवून घेतला, मग उपकरण पूर्ण पुसून टाकले आणि कागदावरच्या २४ शब्दांवरून ते पुन्हा उभे केले. तेच पत्ते पुन्हा दिसले. कागद बरोबर उतरला आहे याचा हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा पुरावा आहे, आणि तो रिकाम्या वॉलेटावरच निर्धास्तपणे घेता येतो. पैसे आल्यावर उपकरण पुसण्याची छाती कोणाची होणार?

बिटकॉइनच्या बाबतीत एका गोष्टीने पतींना गोंधळात टाकले. उपकरणाने दुसऱ्या दिवशी वेगळाच पत्ता दाखवला आणि त्यांनी चेकरच्या अधिकारात काम थांबवले. ‘‘काल लिहिलेला आणि आजचा जुळत नाही. मी सही करणार नाही,’’ असे ते म्हणाले. त्यांचे थांबवणे योग्यच होते, पण कारण निरुपद्रवी होते. बिटकॉइनची बहुतेक वॉलेटे खासगीपणासाठी दर वेळी नवा पत्ता पुढे करतात आणि जुने सर्व पत्ते त्याच किल्लीखाली कायम चालू राहतात. इथरियमचा पत्ता मात्र तोच राहतो. पत्त्याच्या सुरुवातीवरून त्याचा प्रकारही कळतो : बीसी१क्यू ही सुरुवात सेगविट पत्त्यांची, बीसी१पी ही त्याहून नव्या टॅपरूट पत्त्यांची. काही एक्स्चेंज टॅपरूट पत्ते स्वीकारत नाहीत, म्हणून मी पहिला प्रकार निवडला.

एक्स्चेंजच्या बाजूचे काम कंटाळवाणे होते. भारतात मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवा पुरवणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला आहे, त्यामुळे नाणी कुठे चालली आहेत, ते वॉलेट कोणाचे आहे, पाठवण्याचा हेतू काय, अशी प्रश्नावली भरावी लागली. पत्ता मंजूर यादीत टाकावा लागला आणि तो टाकल्यावर ठरावीक तास काहीही पाठवता येत नव्हते. अनेकांना हा विलंब जाच वाटतो. मला तो आवडला. खाते दुसऱ्या कोणाच्या हाती गेले असते, तर त्या अवधीत मला ई-मेल येऊन जाग आली असती. शिवाय त्या सक्तीच्या विश्रांतीत पत्ता पुन्हा एकदा ताज्या डोळ्यांनी पाहता आला.

मंजूर यादीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये, हे सांगणारे एक मोठे उदाहरण माझ्यासमोर होते. २०२२ मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या एक्स्चेंजने ३,२०,००० इथर स्वतःच्या शीतसाठ्याऐवजी (इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटाऐवजी) गेट डॉट आयओ या दुसऱ्या एक्स्चेंजमधल्या आपल्याच खात्याच्या पत्त्यावर पाठवले. तो पत्ताही त्यांच्या मंजूर यादीतलाच होता. रक्कम परत मिळाली, कारण समोर ओळखीची संस्था होती. यादीत पत्ता असणे म्हणजे तो कधीतरी कोणीतरी मान्य केला होता एवढेच. आजच्या कामासाठी तोच पत्ता हवा आहे की नाही, हे यादी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला मी ‘वॉलेट’ असे मोघम नाव न देता नाणे, नेटवर्क आणि नोंदीचा महिना यांवरून नाव दिले.

आता नेटवर्क. यूएसडीटी काढण्याच्या पानावर एक्स्चेंज विचारते की कोणत्या नेटवर्कने पाठवू, आणि खाली इथरियम, ट्रॉन, पॉलिगॉन अशी यादी प्रत्येकाच्या शुल्कासह उघडते. नजर साहजिकच सर्वांत कमी शुल्काकडे जाते. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तिथे इथरियमचा पत्ता टाकला तर पान तो नाकारते. ही गफलत होत नाही. घोटाळा होतो तो इथरियम आणि त्याच्याच घडणीच्या पॉलिगॉन, आर्बिट्रम, बीएनबी स्मार्ट चेन या नेटवर्कांमध्ये, कारण शून्य-एक्स या चिन्हांनी सुरू होणारा आणि त्यापुढे ४० चिन्हे असलेला पत्ता या सर्वांवर एकसारखाच असतो. पान काहीही तक्रार करत नाही आणि रक्कम निघून जाते.

या चुकीचे परिणाम दोन दिशांना अगदी वेगवेगळे असतात, आणि हे मला कुठल्याही मदतपृष्ठावर नीट मांडलेले दिसले नाही. एक्स्चेंजमधून माझ्या हार्डवेअर वॉलेटाकडे येताना इथरियमऐवजी पॉलिगॉन निवडले गेले, तर रक्कम पॉलिगॉनवरच्या माझ्याच पत्त्यावर येते. किल्ली माझी असल्याने वॉलेटात ते नेटवर्क जोडले की ती दिसते आणि खर्चताही येते. उलट दिशेने, म्हणजे माझ्या वॉलेटातून एक्स्चेंजच्या पत्त्यावर जाताना ते एक्स्चेंज ज्या नेटवर्कवर ते नाणे स्वीकारत नाही ते निवडले, तर रक्कम त्यांच्या पत्त्यावर पडते, पण किल्ली त्यांची असल्याने ती काढून द्यायची की नाही हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर राहते. पहिल्या प्रकारालाही एक अपवाद आहे. पत्ता साध्या किल्लीचा नसून ब्लॉकचेनवरच्या एखाद्या प्रोग्रामचा असेल, जसा अनेक सह्यांच्या सामायिक वॉलेटाचा असतो, तर दुसऱ्या नेटवर्कवर तोच पत्ता आपला असेलच असे नाही. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या नेटवर्कच्या संस्थेने विंटरम्यूट या कंपनीला २ कोटी ओपी टोकन (त्या नेटवर्कची नाणी) पाठवले तेव्हा हेच घडले. कंपनीने दिलेला पत्ता इथरियमवरच्या तिच्या सामायिक वॉलेटाचा होता आणि ऑप्टिमिझमवर ते वॉलेट अजून उभेच केलेले नव्हते. कंपनीच्या आधी दुसऱ्याच कोणीतरी त्या पत्त्यावर वॉलेट उभे करून टोकन ताब्यात घेतली. बहुतेक टोकन पुढे परत आली, पण चाचणीच्या दोन पाठवण्या आधी करूनही हे झाले, कारण त्या रकमा फक्त ‘पोहोचल्या’ होत्या. तिथून बाहेर काढून कोणी पाहिल्या नव्हत्या. ही गोष्ट माझ्या पुढच्या एका निर्णयाला कारणीभूत ठरली.

मी यूएसडीटीसाठी इथरियमच निवडले, शुल्क जास्त असूनही. एकच नेटवर्क, एकच पत्ता, एकच तपासणी. पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो. इथरियमवर कोणतेही टोकन हलवायचे, तर गॅस नावाचे शुल्क इथरमध्येच भरावे लागते. वॉलेटात लाखाचे यूएसडीटी आहेत आणि इथर शून्य, अशी अवस्था असेल तर ते यूएसडीटी समोर दिसत राहतात, पण जागचे हलत नाहीत. म्हणून इथर आधी, यूएसडीटी नंतर, हे वहीत सर्वांत वर लिहिले होते. साध्या इथर पाठवणीला २१,००० एकक गॅस लागतो आणि यूएसडीटीच्या पाठवणीला साधारण त्याच्या दोन-तीन पट, हे धरून थोडे इथर कायमचे शिल्लक ठेवायचेही ठरले.

पहिली खरी पाठवण बिटकॉइनची केली. एक्स्चेंज बाहेर पाठवण्यासाठी जी किमान रक्कम मागते, तिच्या किंचित वरची रक्कम चाचणीसाठी घेतली. एक्स्चेंजचे शुल्क दर पाठवणीला ठरावीक असते, रकमेच्या प्रमाणात नाही, त्यामुळे चाचणीच्या मानाने ते अवाच्या सवा वाटते; पण तो चाचणीचा दाम आहे. त्याचबरोबर घाबरून रकमेचे दहा तुकडे करण्यातही अर्थ नाही. बिटकॉइनच्या नेटवर्कचे शुल्क व्यवहाराच्या आकारावर ठरते, आणि दहा तुकड्यांनी आलेली रक्कम उद्या एकत्र पाठवताना ते दहाही तुकडे जोडावे लागून व्यवहाराचा आकार फुगतो. चाचणीची एक आणि उरलेल्या सगळ्याची एक, असा बेत केला.

पत्ता ताडण्याची आमची पद्धत अशी होती. मी उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता संगणकात न पाहता मोठ्याने वाचायचा, आणि पतींनी एक्स्चेंजच्या पानावर चिकटवलेल्या पत्त्यावर बोट ठेवून ऐकायचे. इथरियमच्या पत्त्यात अंकांखेरीज ए ते एफ एवढीच सहा अक्षरे येतात, त्यांतली बी, सी, डी, ई ही चार कानाला जवळजवळ सारखी; त्यामुळे बँकेतल्या टेलिफोनची जुनी सवय उपयोगी पडली : बी बॉम्बे, सी कलकत्ता, डी दिल्ली. भूगोलाच्या मास्तरांना हे फारच रुचले आणि ई आला की ते इजिप्त म्हणू लागले. चार-चार चिन्हांचा गट करून पूर्ण पत्ता वाचला, नुसती पहिली आणि शेवटची चार अक्षरे नव्हे. एवढे करण्याचे कारण असे, की संगणकात शिरलेला एक प्रकारचा घातक प्रोग्राम कॉपी केलेल्या पत्त्यावर पाळत ठेवतो आणि चिकटवण्याच्या क्षणी त्याजागी चोराचा पत्ता बसवतो. तो पत्ता अर्थातच व्याकरणशुद्ध असतो.

संगणकाच्या पडद्यावर दिसते ते खरे मानायचे नाही, उपकरणाच्या पडद्यावर दिसते तेच मानायचे, हा नियम या खटाटोपाचा कणा होता. वझीरएक्सने चोरीनंतर दिलेल्या निवेदनात हेच म्हटले होते की, सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार एक नव्हता. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हाही सह्या करणारे आपण नेहमीचीच आतली बदली मंजूर करत आहोत, अशा समजुतीत होते. इतक्या मोठ्या ठिकाणी जे घडते, ते आपल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर घडणार नाही असे मानायला आधार नाही.

पाठवल्यावर वाट पाहावी लागते. एक्स्चेंजने ‘पूर्ण’ असा शेरा दिला तरी त्याचा अर्थ त्यांनी व्यवहार सोडला एवढाच घ्यावा. त्यांनी दिलेला व्यवहार क्रमांक ब्लॉक एक्स्प्लोरर या ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून मी पाहत राहिले. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो, पण ही सरासरी आहे. कधी दोन मिनिटांत दोन ब्लॉक येतात, कधी पाऊण तास काहीच हालचाल नसते. या वेळात पुष्कळ लोक धीर सोडतात, मदत क्रमांक शोधतात आणि इंटरनेटवरच्या बनावट मदतनीसांच्या हाती लागतात, जे ‘वॉलेट जुळवून देण्यासाठी’ ते २४ शब्द मागतात. अडकलेला व्यवहार मोकळा करायला त्या शब्दांची गरज कधीच नसते. सहा कन्फर्मेशन, म्हणजे व्यवहाराचा ब्लॉक धरून सहा ब्लॉक, होईपर्यंत मी दुसरे काही केले नाही. इथरच्या चाचणीला एवढा वेळ लागला नाही. पाव तासात ती पक्की झाली.

मग तो विंटरम्यूटच्या गोष्टीतून आलेला निर्णय. चाचणीची रक्कम आली, हे पुरेसे न मानता ती परत पाठवून पाहिली. म्हणजे हार्डवेअर वॉलेटातून थोडे इथर एक्स्चेंजमधल्या माझ्याच खात्यात धाडले, अर्थात तिथली जमा करण्याची किमान रक्कम पाहून, कारण त्याहून कमी आलेली रक्कम कित्येक एक्स्चेंज खात्यावर घेतच नाहीत. किल्ली चालते, उपकरण सही करते, शुल्क किती पडते, हे सर्व या एका फेरीत कळले. स्वतःच्या वॉलेटातून पाठवताना शुल्काचा रकाना आपल्या हाती असतो आणि तिथे विशेष सावध राहावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पॅक्सॉस या कंपनीने ०.०७ बिटकॉइनच्या आसपासची रक्कम पाठवताना सुमारे २० बिटकॉइन शुल्क भरले होते. ब्लॉक खणणाऱ्या समूहाने ते सौजन्याने परत केले, परंतु तशी सक्ती त्याच्यावर नव्हती. आमच्या वहीत चेकरसाठी म्हणून ‘रक्कम, पत्ता, नेटवर्क’ यांच्या जोडीला ‘शुल्क रुपयांत किती’ असा चौथा रकाना होता, तो यासाठीच. इथरचे शुल्क ग्वेई या एककात दिसते. एका इथरचे शंभर कोटी ग्वेई होतात, आणि एवढ्या शून्यांत माणसाचा अंदाज हमखास चुकतो. रुपयांत लिहिले की चुकत नाही.

मोठ्या पाठवणीच्या वेळी एक मोह आवरला. चाचणी ज्या पत्त्यावर यशस्वी झाली तो पत्ता व्यवहारांच्या इतिहासातून उचलणे सर्वांत सोपे वाटते, आणि चोर नेमके तिथेच दबा धरून असतात. तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता ते संगणकाच्या बळावर तयार करतात आणि त्यावरून तुम्हाला शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतात, म्हणजे तो पत्ता तुमच्या इतिहासात येऊन बसतो. मे २०२४ मध्ये अशाच एका खोट्या पत्त्यावर एका व्यक्तीने १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथरियमवर चालणारे बिटकॉइनचे रूप) पाठवले. किंमत जवळपास ७ कोटी डॉलर. चोराने पुढे बहुतेक सारे परत केले, ते का केले हा वेगळा विषय. चाचणी यशस्वी होणे या सापळ्याविरुद्ध काहीच संरक्षण देत नाही, कारण चाचणी एका पत्त्याची झालेली असते आणि रक्कम दुसऱ्याच पत्त्यावर जाते. म्हणून दुसऱ्या वेळी पुन्हा उपकरणावरून पत्ता घेतला, पुन्हा पूर्ण वाचला. पती किंचित कुरकुरले, पण बोट ठेवून बसले.

एक्सआरपीचे नियम निराळे आहेत. एक्स्चेंज आपल्या सर्व ग्राहकांसाठी एकच पत्ता वापरते आणि कोणाची रक्कम कोणती हे टॅग नावाच्या एका संख्येवरून ओळखते; हाउसिंग सोसायटीचा पत्ता लिहिला आणि फ्लॅट क्रमांक लिहिलाच नाही तर टपाल वॉचमनच्या टेबलावर पडून राहते, तसे टॅग नसलेल्या रकमेचे होते. स्टेलर या दुसऱ्या नेटवर्कमध्ये याच कामासाठी मेमो असतो. स्वतःच्या वॉलेटाला टॅग लागत नाही, पण पान तो रकाना दाखवते आणि तिथे काहीतरी भरलेच पाहिजे असे वाटून माणूस अडतो. मी तो रिकामा ठेवला. दुसरी खुबी म्हणजे नवा पत्ता जागा होण्यासाठी त्यात किमान राखीव रक्कम असावी लागते. मी पाठवले तेव्हा ती १० एक्सआरपी होती, म्हणून चाचणीची रक्कम त्याहून जास्त घ्यावी लागली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ती १ एक्सआरपीवर आली.

सर्व शिल्लक हलवून झाल्यावर राहिले ते कागदोपत्री काम, आणि बँकेतल्या माणसाला ते चुकत नाही. प्रत्येक पाठवणीची तारीख, व्यवहार क्रमांक, रक्कम, एक्स्चेंजचे शुल्क, त्या दिवशीचा भाव आणि ‘स्वतःच्या वॉलेटात बदली’ असा शेरा एका तक्त्यात नोंदवला, सोबत एक्स्चेंजच्या उताऱ्याची छापील प्रत जोडली. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. स्वतःच्याच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नाणी नेणे ही विक्री नव्हे, असे आमच्या सनदी लेखापालांचे म्हणणे, पण एक्स्चेंजच्या उताऱ्यात ती केवळ ‘बाहेर गेलेली रक्कम’ म्हणून दिसते. उद्या कोणी विचारले तर ती कुठे गेली हे दाखवणारा कागद आपल्याकडेच हवा. पाठवणीत गेलेल्या शुल्काचा मात्र करात काहीच उपयोग नाही.

एक्स्चेंजमधले खाते अजून बंद केलेले नाही. प्रत्येक नाण्याची थोडी थोडी उरलेली रक्कम, जी त्यांच्या किमान मर्यादेपेक्षा कमी असल्याने बाहेर काढता येत नाही, तिथेच पडून आहे. ती विकून टाकावी, तर त्या किरकोळ नफ्यासाठी विवरणपत्रात आभासी मालमत्तेचे वेगळे परिशिष्ट भरावे लागेल. ‘‘एवढ्यासाठी मी सही करत बसणार नाही,’’ असे चेकरनी स्पष्ट कळवले आहे, त्यामुळे तूर्त ती रक्कम आहे तिथेच आहे.